गाण्याची आडत

लातूरच्या गंजगोलाईत मधोमध उभं राहून कधी स्वतःभोवती फिरून बघितलंय? एका गोलाला सोळा रस्ते फुटतात. माल गोलाईत आला की हव्या त्या दिशेला जाऊ शकतो. सिनेमाचं संगीत आज तुमच्या फोनवर येतं ते अशाच एका गोलाईतून! फक्त तिथं पोतं एकच येतं, सगळ्या रस्त्यांनी एकदम निघतं आणि तरी जागेवर जसंच्या तसं राहतं.

30 डिसेंबर 2022 ला ‘वेड’ हा सिनेमा आला. लातूरजवळच्या बाभळगावच्या देशमुखांचा रितेश पहिल्यांदाच दिग्दर्शक झाला होता, संगीत अजय-अतुलचं, आणि गाणी बाहेर पडली ती देश म्युझिक या घरच्याच लेबलवरून. कॅसेटच्या काळात नांदेडच्या दुकानात माल यायचा तर एजंट हवा, ट्रक हवा, दुकानदाराची मर्जी हवी. आता नांदेड आणि न्यूयॉर्कला गाणं एकाच क्षणी उतरतं. कसं?

आधी पोतं भरू. हवेतली थरथर यंत्र सेकंदाला 44,100 वेळा मोजतं. चार मिनिटांच्या गाण्यात डाव्या कानासाठी 1,05,84,000 मापं, उजव्यासाठी पुन्हा तितकीच! मोंढ्यातला कुठला मापाडी एवढं मोजेल?

मग पोत्यावर खूण. तिचं नाव आयएसआरसी: जगात एकमेव अशी बारा अक्षरं-आकडे, त्यातच रेकॉर्डिंगला नंबर दिल्याचं सालही. ‘सैराट’मधलं ‘झिंगाट’ आठवा. 2018 मध्ये तीच चाल हिंदीत ‘धडक’मध्ये गेली. चाल तीच, पण रेकॉर्डिंग नवं, म्हणून खूणही नवी. ‘सैराट’साठी तर लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोरिंग स्टेजवर अख्खा वाद्यवृंद बसवला होता. एवढा मोठा सुरांचा ढीग, आणि त्याची ओळख पटते बारा खुणांवर!

पोतं आता आडत्याकडे. डिजिटल जगात त्याला डिस्ट्रिब्युटर म्हणतात. कुणी वर्षाची फी घेतो, कुणी कमाईतला हिस्सा, म्हणजे आडतच की! तो गाणी ऐकवणाऱ्या सगळ्या अ‍ॅपना आवाजाबरोबर एक तपशीलपत्र धाडतो: कुणी गायलं, कुणी लिहिलं, चाल कुणाची. इथं फार जपावं लागतं. नावात एक अक्षर इकडचं तिकडं झालं की यंत्राला वाटतं हा कुणी दुसराच कलाकार, आणि गाणं भलत्याच्या दारात जाऊन बसतं.

वाटेत पोतं हलकंही होतं. हलगी कडाडली की शेजारी पुटपुटलेलं ऐकू येतं का? नाही ना? मोठ्या आवाजाखाली दबलेले बारीक आवाज कानाला कळतच नाहीत. संगणक नेमके तेच गाळतो. फाइल कितीतरी पटीनं लहान होते, आणि आपल्याला पत्ताही लागत नाही!

पार्श्वसंगीताची गोष्ट मला सगळ्यात जिव्हाळ्याची वाटते. दार उघडतं तेव्हाची वीस सेकंदांची सतार, ओढ्याकाठची बासरी. स्पॉटिफायवर ऐकणं मोजलं जातं ते 30 सेकंदांनंतर. म्हणून संगीतकार असे तुकडे सुरेख सांधून लांब रचना करतात. सिनेमात संवादाखाली दबलेली बासरी तिथं पहिल्यांदा मोकळी ऐकू येते.

आणि पट्टी, म्हणजे विकल्या मालाच्या हिशेबाची चिठ्ठी? 2012 साली कॉपीराइट कायदा बदलला. चित्रपटगृहात सिनेमासोबत वाजलं ते सोडून, इतर वापरातला गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीचा वाटा आता करारावर सही घेऊनही काढून घेता येत नाही. तो गोळा करायला 1969 पासूनची आयपीआरएस ही संस्था आहे. रेकॉर्डिंगची पट्टी वेगळी, ती आडत्याकडून येते. ओळीओळीत देश, महिना, किती वेळा ऐकलं आणि पैसे, अगदी पैशाच्याही तुकड्यापर्यंत. एका ओळीत जर्मनी, दुसरीत ऑस्ट्रेलिया. तिकडं कुणीतरी रात्री आपली हलगी लावली, आणि तो हिशेब बारा अक्षरांचा माग काढत लातूरच्या घरी आला!