विमानाच्या अस्तराचे गणित

मोटारीला आतून अस्तर लावायचे, तर आपण रंगाचा आणि किमतीचा विचार करतो. पण घरी बांधलेल्या विमानाला अस्तर लावताना तराजू आणि फूटपट्टी हाती घ्यावी लागते. असे का?

अमेरिकेत अनेक हौशी लोक सुट्या भागांचा संच आणून स्वतःचे विमान बांधतात. ऑरेगन राज्यातील व्हॅन्स एअरक्राफ्ट या कंपनीच्या संचांपासून बनलेली हजारो विमाने आजवर उडाली आहेत. सांगाडा जोडून झाला, की वैमानिकाच्या कक्षातील उघडा पत्रा झाकण्यासाठी आतून पॅनेल बसवतात.

समजा, अस्तराविना विमानाचे वस्तुमान ५०० किग्रॅ आहे. आसनामागे, गुरुत्वमध्यापासून ०.८ मीटरवर, ५ किग्रॅची पॅनेल बसवली. गुरुत्वमध्य किती मागे सरकेल? ५ × ०.८ = ४. याला एकूण वस्तुमानाने, म्हणजे ५०५ ने भागा. उत्तर येते सुमारे ०.००८ मीटर, म्हणजेच ८ मिमी.

एवढेच ना, असे तुम्ही म्हणाल. परंतु अशा लहान विमानात गुरुत्वमध्याला जेमतेम २० सेंमीची मोकळीक असते. वैमानिक, सोबती, सामान आणि इंधन यांनाही त्यातच सामावून घ्यायचे असते. गुरुत्वमध्य मागच्या मर्यादेपलीकडे गेला, तर विमानाचे स्थैर्य घटते. वर उचललेले नाक आपोआप खाली येत नाही आणि विमान वैमानिकाला आवरेनासे होते. म्हणूनच काम पुरे झाल्यावर तिन्ही चाकांखाली वजनकाटे ठेवून विमान तोलतात व गुरुत्वमध्य नव्याने काढतात.

पॅनेलच्या मागे नियंत्रणाचे दांडे आणि विजेच्या तारा असतात. त्यांची तपासणी दर वर्षी करावी लागते. म्हणून पॅनेल कायमची न ठोकता स्क्रूने बसवतात. नियंत्रणदांडी सर्व बाजूंना पूर्ण फिरवून ती कोठे अडत नाही ना, हेही पाहतात. उन्हात प्लॅस्टिक अल्युमिनियमपेक्षा अधिक प्रसरण पावते. त्यामुळे प्लॅस्टिकच्या पॅनेलमधील भोके स्क्रूपेक्षा किंचित मोठी ठेवतात.

एक प्रयोग करून पाहा. फूटपट्टी पेन्सिलीवर आडवी तोलून धरा. एक नाणे आधी मध्याजवळ आणि मग टोकाजवळ ठेवा. नाणे तेच, पण फूटपट्टी पुन्हा तोलण्यासाठी पेन्सिल किती सरकवावी लागते, ते दोन्ही वेळा मोजा. वजनाइतकेच त्याचे स्थानही महत्त्वाचे असते, हे लगेच ध्यानात येईल.