स्त्री-बंदी, तुरुंगसेवक आणि आधाराची भाषा

तुरुंगातील सायंकाळची गिनती संपून बराकीला कुलूप लागले म्हणजे स्त्री-बंदीचा बाहेरच्या जगाशी असलेला दिवसाचा संबंध तुटतो. वैद्यकीय अधिकारी घरी गेलेले असतात, समाजकार्यकर्तीची भेटीची वेळ टळून गेलेली असते, वकील तर तारखेच्या दिवशीच भेटावयाचा. अशा वेळी तिच्या शब्दाला सर्वांत जवळचा कान असतो तो पहाऱ्यावरील रक्षक स्त्रीचा. हा कान शिक्षित असावा की नसावा, हा प्रश्न वरवर पाहता प्रशासनाचा वाटतो. परंतु त्याचा थोडा विचार करताच तो मानसशास्त्राचा, समाजशास्त्राचा आणि बऱ्याच अंशी भाषेचाही प्रश्न आहे असे ध्यानात येते.

तुरुंगसेवकांना शिक्षण द्यावे ही कल्पना आपल्याकडे नवी नव्हे. १९५१-५२ साली संयुक्त राष्ट्रांचे तज्ज्ञ म्हणून भारतात आलेले डॉ. वॉल्टर रेक्लेस यांनी तुरुंग-अधिकाऱ्यांच्या पद्धतशीर शिक्षणावर भर दिला होता. पुढे न्यायमूर्ती मुल्ला यांच्या अध्यक्षतेखालील समितीने (१९८०-८३) तुरुंग-सुधारणेचा सर्वांगीण विचार केला आणि न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या समितीने (१९८६-८७) स्त्री-बंदींच्या स्थितीची स्वतंत्र पाहणी केली. आंतरराष्ट्रीय पातळीवर २०१० साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने संमत केलेली 'बँकॉक नियमावली' ही या विषयातील सर्वांत स्पष्ट संहिता होय. स्त्रियांच्या मनावर विशेष ताण येण्याचे प्रसंग कोणते, याची जाणीव सेवकांस करून द्यावी, असे तिचा तेरावा नियम सांगतो. मानसिक उपचारांची गरज आणि स्वतःस इजा करून घेण्याचा किंवा आत्महत्येचा धोका ओळखणे, आधार देणे व तज्ज्ञाकडे पाठविणे यांचे शिक्षण सेवकांस मिळावे, असे पस्तिसावा नियम सांगतो. २०१५ च्या 'नेल्सन मंडेला नियमावली'ने तर बंदींच्या मनःसामाजिक गरजांचे ज्ञान हा सर्वच तुरुंगसेवकांच्या शिक्षणाचा भाग मानला आहे.

भारतीय कायद्याने येथवर मजल मारली आहे काय? २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाने तुरुंगातील वैद्यकीय अधिकाऱ्यांना प्राथमिक व तातडीच्या मानसिक उपचारांचे शिक्षण देण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे. हे योग्यच आहे. तथापि वैद्य रोग्याला घटकाभर पाहतो, रक्षक स्त्री मात्र बंदिनीला उठताना, जेवताना, मुलाखतीहून परतताना आणि रात्री जागी असताना पाहते. अन्न न शिवता परत गेलेली थाळी प्रथम तिच्याच दृष्टीस पडते. वैद्याचे ज्ञान कितीही सखोल असले तरी, त्याच्यापर्यंत बातमी पोहोचविणारी व्यक्ती अजाण असेल, तर ते ज्ञान निकामी ठरते.

येथे एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. मनःसामाजिक आधार म्हणजे मानसोपचार नव्हे. रक्षक स्त्रीने रोगनिदान करावे किंवा बंदिनीच्या पूर्वायुष्यातील जखमा उकलाव्या, अशी अपेक्षा कोणी करीत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने इतर संस्थांच्या सहकार्याने २०११ साली प्रसिद्ध केलेल्या मानसिक प्रथमोपचाराच्या मार्गदर्शिकेत या कार्याची तीन अंगे सांगितली आहेत : पाहणे, ऐकणे आणि जोडून देणे. जखमेवर पट्टी बांधणारा जसा शल्यवैद्य होत नाही, तद्वतच हे तीन व्यवहार करणारी व्यक्ती मानसोपचारक होत नाही. पण पट्टी वेळेवर बांधली गेली नाही तर शल्यवैद्याला करण्यासारखे काही उरत नाही.

यांपैकी 'ऐकणे' हे अंग सर्वांत सोपे वाटते आणि सर्वांत कठीण असते. मराठी भाषक स्त्री आपली मनोव्यथा बहुधा मनाच्या परिभाषेत सांगत नाही, ती शरीराच्या भाषेत सांगते. 'छातीत धडधडते', 'जीव घाबरा होतो', 'डोके भणभणते', 'अन्न गोड लागत नाही' ही वाक्ये शब्दशः घेतली तर एखादी गोळी देऊन प्रकरण मिटते. ती दुःखाची सांकेतिक रूपे आहेत हे ठाऊक असलेली सेविका मात्र थांबते आणि आणखी एक प्रश्न विचारते. 'मी नसले तर मुलांकडे कोण बघेल?' हे वाक्य चिंतेचे असेल, निरोपाचेही असेल. अशा वेळी जीव देण्याचा विचार मनात येतो काय, असे शांतपणे व सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात पेरला जातो ही समजूत चुकीची आहे. उलट, विचारल्याने पुष्कळदा मनावरचे ओझे हलके होते. एवढ्या एका समजुतीच्या दुरुस्तीवर एखाद्या स्त्रीचा प्राण अवलंबून असू शकतो.

प्रश्नाची घडणही विचारात घ्यावयास हवी. मराठीत 'मला रडू आले', 'मला भीती वाटते' अशा रचनांत दुःख भोगणारी व्यक्ती कर्ती नसते. दुःख तिच्याकडे येते. तिला 'तू का रडतेस?' असे विचारले की ती एकदम कर्ती होते आणि रडणे हे तिचे कृत्य ठरते. पोलीस-चौकशी आणि न्यायालय यांतून आलेल्या स्त्रीला 'का' हा शब्द जाब विचारणाराच वाटावा, यात नवल नाही. त्याऐवजी 'कशाने रडू आले?' असे विचारले तर प्रश्न तिच्या वाक्यरचनेला धरून राहतो. 'काय केलेस?' आणि 'काय झाले?' यांतील अंतर व्याकरणात अल्प आहे, तुरुंगात फार मोठे आहे.

संबोधनाचेही तसेच. 'तू' हे मराठीत स्वभावतः अपमानकारक नाही. आईला व मैत्रिणीला आपण तेच म्हणतो. परंतु जेथे एकीने 'मॅडम, तुम्ही' म्हणावयाचे आणि दुसरीने 'ए, तू' म्हणावयाचे, तेथे ते एकतर्फी होऊन अधिकाराचे चिन्ह बनते. नावाने हाक मारणे, वयाने मोठ्या स्त्रीस 'मावशी' वा 'तुम्ही' म्हणणे, यास खर्च लागत नाही व सुरक्षेलाही बाध येत नाही.

कोणत्या घटका अधिक जपावयाच्या, हेही शिकविता येते. तुरुंगातील पहिली रात्र, जामीन नाकारला गेल्याचा दिवस, ज्या मुलाखतीला कोणी आलेच नाही तो दिवस आणि मुलापासून ताटातूट होण्याची वेळ. सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ मधील आर. डी. उपाध्याय प्रकरणातील निर्णयानुसार मूल वयाच्या सहाव्या वर्षापर्यंत आईजवळ तुरुंगात राहू शकते. म्हणजे जो वाढदिवस इतर घरी आनंदाचा, तो येथे वियोगाची तारीख ठरतो. ही तारीख आधीपासून माहीत असते. म्हणून तिची तयारीही आधीपासून करता येते.

बंदिनी मराठी भाषकच असेल असे नाही. गोरमाटी, भिली किंवा बंगाली बोलणाऱ्या स्त्रीचे दुःख दुभाष्याविना मुके राहते. मंडेला नियमावलीच्या ऐंशीव्या नियमाने आवश्यक तेथे सक्षम दुभाष्याची तरतूद सांगितली आहे. सोय म्हणून दुसऱ्या बंदिनीसच दुभाषी केले, तर सांगणारीचे गुपित त्याच बराकीत रात्रभर फिरेल.

या शिक्षणाच्या मर्यादा लपविण्याचे कारण नाही. जी व्यक्ती कुलूप लावते तिच्याजवळच मन उघडे करावे, ही अपेक्षा मुळात अवघड आहे. म्हणून कोणती गोष्ट गुप्त राहील व कोणती वरिष्ठांना वा वैद्याला सांगावी लागेल, हे सेविकेने आरंभीच स्पष्ट करावे. पाळता न येणारे वचन देऊ नये. शिवाय अपुरी संख्या व लांब पाळ्या यांनी थकलेल्या सेविकेकडून धीराची अपेक्षा करावयाची तर तिलाही आधार मिळाला पाहिजे. केवळ व्याख्याने देऊन हे साधणार नाही. प्रसंग उभे करून संभाषणाचा सराव आणि त्यानंतर अनुभवी व्यक्तीची नियमित देखरेख, हाच मार्ग होय.

२०२२ अखेर भारतातील बंदींत स्त्रियांचे प्रमाण सुमारे चार टक्के होते. अल्पसंख्येमुळे त्यांच्या गरजा सामान्य नियमांच्या तळाशी जातात. तथापि संख्या अल्प असणे ही अडचण जशी आहे, तशीच सोयही आहे : इतक्या स्त्रियांसाठी शिक्षित कान निर्माण करणे कोणत्याही शासनाच्या शक्तीबाहेरचे नाही.