मंदाग्नीवर कोंबडी

कोंबडी शिजायला आठ तास लागतात असे मला कोणी सांगितले असते, तर ती कोंबडी होती की तिची पणजी, असे मी त्याला विचारले असते. कोल्हापुरात आमच्या घरी रविवारी दहाला कोंबडी येते आणि बाराला ताटे मांडली जातात. गावठी असली तर फार तर साडेबारा. पण २०२३ च्या उन्हाळी सुटीत मी सहा आठवडे धाकट्या बहिणीकडे अमेरिकेत, न्यू जर्सीत राहिले, आणि सकाळी सातला कोंबडी चढवून संध्याकाळी सातला उतरवायची, हा माझा तिथला नित्यनेम होऊन बसला. त्याची ही हकीकत.

जाताना सामानात काय काय नेले होते ते सांगत नाही, नुसती मुख्य नावे घेते. गुळाची लहान ढेप, मेतकूट, थालीपिठाची भाजणी, डिंकाचे लाडू आणि सासूबाईंच्या हातचा कांदा-लसूण मसाला. मोठ्या हौसेने मी ते सारे तिच्या ओट्यावर मांडले. तिने एकेक पुडा उचलला, वास घेतला आणि परत खाली ठेवला.

"ताई, यातलं मला महिनाभर काहीच चालत नाही गं."

तिने तीनच दिवसांपूर्वी पथ्य धरले होते. 'होल थर्टी' त्याचे नाव. मेलिसा आणि डॅलस हार्टविग या अमेरिकन जोडप्याने ते २००९ साली सुरू केले आणि पुढे २०१५ मध्ये त्याच नावाचे पुस्तकही निघाले. तीस दिवस साखर, गूळ, मध बंद. गहू, तांदूळ, ज्वारी, सारी धान्ये बंद. डाळी, कडधान्ये, शेंगदाणे बंद. दूध, दही, ताक, पनीर बंद. (तुपाला मात्र सूट आहे, कारण कढवताना त्यातला दुधाचा अंश खाली बसतो. आमच्या आजीने हे ऐकले असते तर तिला अमेरिकेविषयी थोडा आदर वाटला असता.) उरले काय? मांस, मासे, अंडी, भाज्या, फळे, नारळ, काजू-बदाम. बदामाच्या पिठाचे धिरडे करून पोळीची हौस भागवायचीही सोय नाही. तसे सोंग आणायचे नाही, असा स्पष्ट नियम आहे. त्यापेक्षा आपली एकादशी बरी. तिथे साबुदाणा तरी असतो.

आणि मधेच एक घास चुकला, की पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायचे!

मी हसले नाही, याचे कारण तिचे पोट. बारा-पंधरा वर्षे ते तिला छळत होते. फुगणे, कळा येणे, रात्रभर तळमळणे. इथल्या आणि तिथल्या तपासण्यांत गंभीर असे काही निघाले नव्हते, आणि मीही फोनवर तिला दर वेळी "तुझा स्वभावच काळजीचा" असे ऐकवून मोकळी होत असे. आता हे पथ्य धरायचे, तीस दिवसांनंतर वगळलेले एकेक अन्न परत घ्यायचे, आणि कुठल्या दाराने चोर शिरतो ते पाहायचे, असा तिचा बेत होता.

एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. आहारशास्त्रातले पुष्कळ जाणकार या पथ्याला नावे ठेवतात. डाळी आणि धान्ये सरसकट टाकून द्यायला सबळ आधार नाही असे ते म्हणतात, आणि मला ते पटते. बहिणीने डॉक्टरांना विचारून ते धरले होते. कोणी माझा लेख वाचून धरू नये.

तर पथ्य. माझे निरीक्षण असे, की ते सकाळी मोडत नाही, संध्याकाळी मोडते. ती सकाळी साडेसातला न्यूयॉर्कची गाडी पकडायची आणि सातला परत. मी गेले त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. ती आली, पर्स खांद्यालाच होती, मेहुण्यांचा पाव ओट्यावर उघडा पडला होता आणि तिच्या हातात त्याचा तुकडा. तोंडात घातला नव्हता. माझी चाहूल लागताच तिने तो खाली ठेवला आणि लहानपणी चोरून लोणचे खाताना सापडल्यावर करायची तसा चेहरा केला.

त्या रात्री तिने कपाटाच्या तळातून लग्नात आहेर आलेला 'स्लो कुकर' काढला. प्रेशर कुकरचा हा अगदी उलटा भाऊ. याला शिट्टी नाही, घाई नाही. आत जाड चिनी मातीचे भांडे, त्याभोवती विजेची तार, वर काचेचे झाकण. मंद आणि जलद अशी दोन बटणे; मंदावर सात-आठ तास, जलदवर तीन-चार. मराठीची मास्तरीण असल्यामुळे मी त्याचे लगेच 'मंदाग्नी' असे बारसे केले. पोट बिघडलेल्या माणसाला वैद्य मंदाग्नी झाला म्हणतात, आणि औषधही मंदाग्नीच!

या भांड्याची जन्मकथा मला फार आवडली. अर्व्हिंग नॅक्सन नावाच्या शिकागोच्या यंत्रज्ञाने १९४० साली त्याचे पेटंट मिळवले. त्याची आई मूळची लिथुआनियाची. शुक्रवारी सूर्यास्तानंतर ज्यू लोक विस्तव पेटवीत नाहीत, म्हणून तिच्या गावी मांस, घेवड्याचे दाणे आणि जवाचे 'चोलेंट' भरलेले भांडे आदल्या संध्याकाळी भटारखान्याच्या निवत्या भट्टीत ठेवीत आणि दुसऱ्या दिवशी गरम गरम काढीत. आईकडून ऐकलेल्या या गोष्टीवरून मुलाला विजेची भट्टी सुचली. पुढे १९७१ साली रायव्हल कंपनीने ती 'क्रॉक-पॉट' या नावाने बाजारात आणली आणि नोकरी करणाऱ्या अमेरिकन बायकांनी ती उचलून धरली. आमच्या आजीच्या चुलीचा वैल तरी दुसरे काय करीत होता? स्वयंपाक उरकला, की त्यावर ठेवलेले भांडे दुपारभर आपले आपण शिजत असे.

माझा पहिला प्रयोग साफ फसला. छातीचे मऊ तुकडे घेतले, घरच्या सवयीने चार वाट्या पाणी ओतले, आणि मन राहीना म्हणून तासातासाला झाकण उघडून पाहिले. संध्याकाळी भांड्यात पांढरे दोरे आणि धुणावळ. मेहुणे सभ्य गृहस्थ; त्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतले नाही, एवढेच.

मग शिकले. या भांड्यात मांडीचे किंवा तंगडीचे तुकडे घालावेत. त्यांतला चिवट भाग तासन्‌तास शिजून रसाळ होतो. छातीचे मांस तेवढ्या वेळात कोरडे पडते. पाणी अगदी बेताचे, कारण वाफ झाकणाला लागून परत आतच गळते. झाकण उघडले, की साठलेली ऊब जाते आणि वीसेक मिनिटे तरी वाढतात. रताळे, गाजर, बटाटा तळाशी आणि कोंबडी वर, कारण इथे कंदच उशिरा शिजतात. बर्फातली कोंबडी तशीच कधी घालू नये. ती फार वेळ कोमट राहते आणि तेवढ्यात जंतू वाढतात. आदल्या रात्री शीतकपाटाच्या खालच्या कप्प्यात काढून ठेवावी.

एवढे कळल्यावर मला आपल्या कोल्हापूरची आठवण झाली आणि मी जवळजवळ ओरडलेच. अगं, पांढरा रस्सा! त्यात धान्य नाही, डाळ नाही, दूध नाही, साखर नाही. एडिसनच्या ओक ट्री रोडवर खसखस मिळाली. सकाळी हाडासकट तुकडे, कांदा, आले, लसूण, दोन लवंगा, तमालपत्र, मीठ आणि तुकडे जेमतेम बुडतील इतके पाणी घालून मंदावर ठेवले. अळणी गाळून घेतले ते संध्याकाळी. भिजवलेली खसखस, तीळ आणि काजू गंधासारखे वाटले, तुपावर खडा मसाला आणि हिरव्या मिरच्या टाकून त्यात ते वाटण परतले, वर अळणी ओतले. नारळाचे दूध अगदी शेवटी, आणि त्यानंतर उकळी येऊ द्यायची नाही, फुटते. तुकडे कांदा-लसूण मसाल्यात परतून सुके केले. तत्पूर्वी मसाल्यात हिंग आहे का, असे सासूबाईंना फोन करून विचारावे लागले, कारण तिच्याकडच्या हिंगाच्या डबीवर गव्हाचे पीठ छापलेले निघाले. "आमच्या मसाल्यात हिंग कुठला?" असे त्या जरा रागानेच म्हणाल्या. भाकरीच्या जागी उकडलेले रताळे. बहिणीने वाटी तोंडाला लावली आणि बराच वेळ खाली ठेवली नाही.

पुढे सोपे झाले. एके दिवशी आमसूल आणि ओले खोबरे घालून, एके दिवशी टोमॅटो आणि भोपळी मिरची घालून, कधी नुसते लिंबू-मिरे. रोज रात्री चिरून ठेवायचे, सकाळी भांड्यात लोटायचे. गुळाकडे जाणारा हात तेवढा मला आठवडाभर आवरावा लागला. संध्याकाळी दार उघडताच वास यायचा आणि पावाकडे तिचे लक्षही जात नसे.

तीस दिवस पार पडले. मग एक दिवस वरण, दोन दिवस पुन्हा पथ्य. काही झाले नाही. एक दिवस भात, काही नाही. सातव्या दिवशी दुधाची पाळी. सकाळी पेलाभर दूध, दुपारी दही. रात्री अकराला ती पोट धरून न्हाणीघरात बसली होती आणि मी बाहेर दाराशी. डॉक्टरांनी पुढे श्वासाची तपासणी करून तेच सांगितले: दुधातली साखर तिला पचत नाही. जगातल्या सुमारे दोन-तृतीयांश मोठ्या माणसांचे बाळपण सरल्यावर कमी-अधिक असेच होते म्हणे.

मला मात्र गंगावेस आठवली. तिथल्या कट्ट्यावर म्हशीची धार समोर काढून देतात. आबा आम्हां दोघींना रात्री तिथे नेत. मी गटागटा पिऊन टाकी. ती सात-आठ वर्षांची, पेला हातात घेऊन रडायची, पोटात दुखते म्हणायची. आबांना वाईट वाटू नये म्हणून मी तिचे नाक दाबून तो तिच्या घशात रिकामा करी. हे मी तिला त्या रात्री सांगितले. "मला आठवतंय की," ती म्हणाली, आणि कूस बदलून झोपली.

मी निघायच्या आदल्या दिवशी आबांचा फोन आला. वय झाले, ऐकू कमी येते, म्हणून मोठ्याने बोलतात. तिची विचारपूस करून झाल्यावर त्यांनी विचारले, "तिला तिकडं दूध चांगलं मिळतंय न्हवं?"

मी तिच्याकडे पाहिले. तिने फोन माझ्या हातून घेतला.

"मिळतंय आबा. चांगलं दाट मिळतंय."