सभाधीटपणा जन्मजात नसतो!

पदवीच्या शेवटच्या वर्षी महाविद्यालयांच्या आवारात 'कॅम्पस इंटरव्ह्यू'चे वारे वाहू लागले, की एक ठरलेले दृश्य दिसू लागते. चारही वर्षे वर्गात अव्वल असलेला विद्यार्थी गटचर्चेतून एक शब्दही न बोलता उठून येतो आणि त्याच्याहून बेताचे गुण मिळवणारा मित्र पुढच्या फेरीत जाऊन बसतो. घरी विचारणा झाली, की उत्तर तयार असते, 'इंग्रजी कमी पडले.' हे निदान पुष्कळदा चुकीचे असते आणि त्याच चुकीच्या निदानापोटी पालक 'फाडफाड इंग्रजी'च्या क्लासची फी भरून मोकळे होतात. वास्तविक यातील अनेक मुले मायबोलीतही चारचौघांसमोर उभी राहायला कचरतात. कोंडी भाषेची नसून भीतीची असते.

या भीतीला अभ्यासविषय म्हणून स्वतंत्र नाव मिळाले ते १९७० मध्ये. अमेरिकी अभ्यासक जेम्स मॅक्रोस्की यांनी संवादाच्या नुसत्या कल्पनेनेही माणसाच्या मनात दाटणाऱ्या धास्तीचा वेगळा विचार मांडला आणि ती मोजण्यासाठी प्रश्नावली तयार केली. तिला मराठीत 'संवादभय' म्हणता येईल. या मांडणीतला महत्त्वाचा भाग असा, की बोलण्याचे कौशल्य नसणे आणि बोलण्याचे भय असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. ज्याला मुद्दा सुचतो, शब्दही सुचतात, पण हात वर करवत नाही, त्याला शब्दसंग्रहाचे पुस्तक देऊन काय उपयोग? आपल्याकडील व्यक्तिमत्त्व विकासाच्या वर्गांत नेमकी हीच गल्लत होते.

या संदर्भात मोहनदास करमचंद गांधी या विद्यार्थ्याचे उदाहरण मुळातून पाहण्यासारखे आहे. १८८८ मध्ये बॅरिस्टर होण्यासाठी लंडनला गेलेला हा तरुण शाकाहारी मंडळाच्या कार्यकारिणीवर होता; पण सभेत त्याच्या तोंडून शब्द फुटत नसे. एकदा तर जेमतेम एका कागदावर लिहून नेलेले भाषण वाचायला तो उभा राहिला आणि डोळ्यांसमोर अंधारी आली, अंग कापू लागले. अखेर ते भाषण सोबत्याला वाचून दाखवावे लागले. मायदेशी परततानाच्या निरोपाच्या भोजनप्रसंगीही पहिल्या वाक्यानंतर गाडी अडली ती अडलीच. मुंबईच्या स्मॉल कॉजेस कोर्टातील पहिल्याच खटल्यात उलटतपासणीसाठी उभे राहिल्यावर त्यांना एकही प्रश्न सुचेना. तीस रुपये फी घेतलेले ते काम दुसऱ्या वकिलाकडे सोपवून ते बाहेर पडले. हा सारा तपशील गांधीजींनी स्वतःच आत्मचरित्रात नोंदवून ठेवला आहे.

गंमत अशी, की लंडनमध्ये 'साहेबी' रीतभात शिकण्याच्या हौसेपायी त्यांनी नृत्याबरोबर वक्तृत्वाचीही शिकवणी लावली होती. पाठ्यपुस्तक विकत आणले, काही धडे झाले आणि तो नाद सुटला. त्या शिकवणीने त्यांची भीड काही चेपली नाही. ती चेपली १८९३ मध्ये, दक्षिण आफ्रिकेतील प्रिटोरियात. तेथील हिंदी व्यापाऱ्यांची सभा बोलावून ते व्यापारातील सचोटी या विषयावर बोलले. आपले ते आयुष्यातील पहिलेच जाहीर भाषण म्हणता येईल, असे ते सांगतात. मधल्या दोन वर्षांत काय बदलले होते? विषयाची तयारी होती, समोरचे श्रोते आपले वाटत होते आणि मुख्य म्हणजे सांगायलाच हवे असे काहीतरी मनात होते. नेटके उच्चार वा हातवारे यांपेक्षा या तीन गोष्टींचे पारडे जड ठरले. पुढे आपल्या भिडस्तपणाविषयी ते कृतज्ञतेनेच लिहितात. कारण त्यामुळे शब्द मोजूनमापून वापरण्याची सवय त्यांना लागली. म्हणजे विकास झाला तो स्वभाव पालटून नव्हे, तर त्याच स्वभावाचा उपयोग करून घेऊन.

भीती कशी काम करते, याचाही आता बराच उलगडा झालेला आहे. छातीत धडधड, घशाला कोरड, घामेजलेले तळवे ही सारी शरीराची सज्ज होण्याची खूण. बोलणाऱ्याला मात्र वाटते, की आपली ही त्रेधा समोरच्या प्रत्येकाला दिसते आहे. केनेथ सॅवित्स्की व थॉमस गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत विद्यार्थ्यांना छोटी भाषणे करायला लावली. वक्त्याला आपली घबराट जेवढी उघड झाल्यासारखी वाटते, तेवढी ती श्रोत्यांना जाणवत नाही, असे त्यात आढळले. एवढी एक गोष्ट आधी समजावून सांगितलेल्या विद्यार्थ्यांची भाषणेही अधिक चांगली झाली. २०१४ मध्ये ॲलिसन वुड ब्रुक्स यांनी आणखी एक बाब पुढे आणली. भाषणापूर्वी 'शांत हो' असे मनाला बजावणाऱ्यांपेक्षा 'मी उत्साहात आहे' असे म्हणणाऱ्यांची कामगिरी सरस ठरली. आपल्याकडे मात्र घाबरलेल्या मुलाला 'घाबरू नकोस' एवढेच सांगण्याची रीत आहे.

भीड चेपली म्हणजे संवाद साधला, असेही नाही. घडाघडा बोलणारेही समोरच्याच्या डोक्यावरून बोलत असतात. स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी १९९० मध्ये केलेला प्रयोग यासाठी प्रसिद्ध आहे. काही जणांनी परिचित गाण्यांचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायचा आणि इतरांनी गाणे ओळखायचे. वाजवणाऱ्यांचा अंदाज होता, की निम्मी गाणी ओळखली जातील. प्रत्यक्षात १२० पैकी तीन ओळखली गेली! वाजवणाऱ्याच्या कानात चाल घुमत असते, ऐकणाऱ्याला नुसती टकटक ऐकू येते. प्रकल्पाचे सादरीकरण करणाऱ्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याचे आणि परीक्षकांचे नाते बरेचसे असेच असते. आपल्याला जे उघड वाटते, ते दुसऱ्याला ठाऊक नसू शकते, हे एकदा उमगले, की विद्यार्थी उदाहरण शोधू लागतो, क्रम लावू लागतो. तसे करताना त्याचे स्वतःचे आकलनही तपासले जाते. आपल्याला कळले आहे असे वाटणारा धडा मित्राला समजावताना मध्येच अडकायला होते, तेव्हा खरी उणीव कोठे आहे ते दिसते. संवादकौशल्याचा हा लाभ नोकरीच्या मुलाखतीपेक्षाही मोलाचा आहे.

या क्षेत्रात भंपकपणाही कमी नाही. 'संवादात शब्दांचा वाटा फक्त सात टक्के, आवाजाचा ३८ आणि देहबोलीचा ५५ टक्के' हे आकडे कितीतरी कार्यशाळांत पडद्यावर झळकतात. आल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ च्या ज्या अभ्यासांतून हे आकडे आले, त्यांत एकेकटे शब्द, आवाजाचा सूर आणि चेहऱ्यांची छायाचित्रे यांवरून बोलणाऱ्याच्या मनातील आवड-नावड ओळखायची होती. भाषण, मुलाखत वा अध्यापन यांना हे प्रमाण लागू नाही, असा खुलासा खुद्द मेहराबियन यांनीच केलेला आहे. तरीही टाय कसा बांधावा आणि हस्तांदोलन किती घट्ट असावे, यावर तासन्‌तास खर्ची पडतात आणि मुद्दा कसा मांडावा, हे राहूनच जाते.

महाराष्ट्राला खरे तर बोलण्याची मोठी परंपरा आहे. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. १९६३ पासून होणाऱ्या पुरुषोत्तम करंडकाने महाविद्यालयीन तरुणांना रंगमंचावर उभे राहायला शिकवले. वक्तृत्व स्पर्धा तर गावोगावच्या शाळांत होतात. त्यांतली मेख एवढीच, की भाषण बहुधा गुरुजींनी लिहून दिलेले असते आणि मूल ते घोकून, ठरलेल्या जागी हात उंचावून म्हणते. अशी पोपटपंची करून ढाल जिंकलेला विद्यार्थी आयत्या वेळी दिलेल्या विषयावर गडबडला, तर दोष त्याचा नाही. पाठ केलेले म्हणणे आणि समोरच्याशी बोलणे यांत फरक आहे.

इंग्रजीच्या बाऊबाबतही एक गोष्ट सांगायला हवी. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत एकूण २०२५ गुणांपैकी २७५ गुण व्यक्तिमत्त्व चाचणीला आहेत आणि ही मुलाखत मराठीतून देण्याची मुभा आहे. तेथे विचारांची स्पष्टता, सारासार विचार आणि समोरच्याचे नीट ऐकून घेण्याची तयारी जोखली जाते. खासगी कंपन्यांत इंग्रजी लागते हे खरेच. पण जो मराठीत एखादा मुद्दा दोन मिनिटांत नेटका मांडू शकतो, त्याला तोच मुद्दा साध्या इंग्रजीत मांडायला शिकणे तुलनेने सोपे जाते.

अडचण आहे ती सरावाची. संवादकौशल्य हा अनेक अभ्यासक्रमांत रीतसर विषय आहे. पण ६० विद्यार्थ्यांच्या वर्गात तासाभराची तासिका सर्वांना वाटून दिली, तर एकेकाच्या वाट्याला जेमतेम एक मिनिट येते. साहजिकच शिक्षक फळ्यावर संवादाच्या व्याख्या लिहितात आणि परीक्षेत त्यांवर टिपा विचारल्या जातात. पोहणे वहीत उतरवून घेण्यासारखाच हा प्रकार. त्यावर खर्चिक उपाय लागत नाही. पाच-सहा जणांचा गट, आठवड्यातून एक ठरलेली वेळ, प्रत्येकाला तीन मिनिटे आणि बोलून झाल्यावर ऐकणाऱ्यांनी 'आम्हाला काय समजले' ते एका वाक्यात सांगायचे. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून ठेवले, तर महिनाभराने पहिले भाषण पुन्हा ऐकता येते. सुरुवात ओळखीच्या दोघा-तिघांसमोर करावी, मग गट वाढवावा, मग वर्गासमोर उभे राहावे. ज्यांची धास्ती फारच तीव्र आहे, महाविद्यालयात पाऊल टाकायलाही जे कचरतात, त्यांनी मात्र समुपदेशकाची मदत घेण्यात संकोच करू नये. महाविद्यालयांना यासाठी करावे लागणारे काम फार मोठे नाही. तास संपल्यावर एखादी वर्गखोली उघडी ठेवावी लागेल, इतकेच.