आघाडीचा गडी व त्याचा सोबती

बास्केटबॉलच्या खेळांत एका बाजूस पांच गडी असतात. त्यांतील आघाडीच्या दोघांस ‘फॉरवर्ड’ म्हणतात. जमिनीपासून १० फूट उंच असलेल्या टोपलींत चेंडू टाकणें हें त्यांचें एक काम. परंतु कड्यावर आपटून परतलेला चेंडू प्रतिपक्षाच्या आधीं हस्तगत करणें हें अधिक कष्टाचें. अमेरिकेंतील मॉरिस स्टोक्स याची या दुसऱ्या कामांत विशेष ख्याति होती.

स्टोक्सचा जन्म १९३३ सालीं पिट्सबर्ग शहरानजीक झाला. लोरेटो येथील सेंट फ्रान्सिस कॉलेजांत शिकून १९५५ सालीं तो रोचेस्टर रॉयल्स या धंदेवाईक संघांत दाखल झाला. पहिल्याच हंगामांत नवागतांमध्यें तो सर्वोत्कृष्ट ठरला. १९५६-५७ च्या हंगामांत त्यानें असे परतलेले १,२५६ चेंडू पकडले. तो त्या वेळचा उच्चांक होता. १९५७ सालीं संघाचें बिऱ्हाड सिनसिनाटी शहरीं गेलें.

१२ मार्च १९५८ रोजीं मिनिआपोलिस येथील सामन्यांत स्टोक्स पडला व त्याचें मस्तक जमिनीवर आदळलें. त्याची शुद्ध हरपली. हुंगावयास औषध देऊन त्यास सावध करण्यांत आलें आणि तो पुन्हां खेळूं लागला! तीन दिवसांनीं डेट्रॉइटचा सामना खेळून परततांना विमानांतच त्यास झटके आले. मेंदूस झालेली इजा बाहेरून दिसत नाहीं व तिचा परिणाम कधीं कधीं दिवसांनीं प्रकट होतो. स्टोक्सचें सर्वांग लुळें पडलें, वाचा गेली. बुद्धि मात्र शाबूत राहिली. वय अवघें २४ वर्षांचें. खेळलेले सामने २०२.

आतां प्रश्न द्रव्याचा व शुश्रूषेचा. त्या काळीं अशा आपत्तींत सांपडलेल्या गड्यास पुरेसा आधार नव्हता. तेव्हां त्याच संघांतील दुसरा फॉरवर्ड जॅक ट्वायमन पुढें आला. स्टोक्स कृष्णवर्णी, ट्वायमन गौरवर्णी. परंतु त्यानें कायद्यानें पालकत्व पत्करलें, कामगारांस मिळणारी नुकसानभरपाई मिळवून दिली व दरवर्षीं मदतीचे सामने भरविले. तो एकेक अक्षर उच्चारी. हवें तें अक्षर येतांच स्टोक्स पापणी मिटून खूण करी. अशा रीतीनें संभाषण चाले. हें करीत असतांच १९५९-६० च्या हंगामांत ट्वायमननें दर सामन्यास सरासरी ३१.२ गुण मिळविले.

६ एप्रिल १९७० रोजीं हृदयविकारानें स्टोक्सचें निधन झालें. २००४ सालीं स्प्रिंगफील्ड येथील कीर्तिमंदिरांत त्यास स्थान मिळालें. तो सन्मान त्याच्या वतीनें ट्वायमननेंच स्वीकारला. २०१२ सालीं ट्वायमनहि निवर्तला. २०१३ पासून उत्तम सोबती ठरलेल्या गड्यास दोघांच्या जोडनांवानें पारितोषिक देण्यांत येतें. मस्तकास मार बसल्याचा संशय आल्यास गड्यास वैद्यकीय तपासणीवांचून पुन्हां मैदानांत उतरूं न देण्याचा नियमहि आतां आहे. स्टोक्सच्या वेळीं तो असता, तर कदाचित् ट्वायमनला सोबत्याचा पालक व्हावें लागलें नसतें; परंतु तसें निश्चितपणें सांगतां येत नाहीं.