ओवा, लसूण आणि ब्रॉयलरचं आतडं

चिकन सेंटरवर मिळणारी ब्रॉयलर कोंबडी साधारण ३५ ते ४२ दिवसांची आणि दोन किलोच्या आसपास असते. एवढ्या झपाट्याच्या वाढीचा सगळा भार आतड्यावर पडतो.

१९४०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत ज्यूक्स आणि स्टोकस्टॅड यांना दिसलं, की क्लोरटेट्रासायक्लीन बनवताना उरलेला चोथा खाणारी पिल्लं जास्त वजन धरतात. तेव्हापासून निरोगी पक्ष्यांच्या खाद्यातही थोडं थोडं प्रतिजैविक मिसळण्याची चाल पडली. पण अशा अपुऱ्या मात्रेत चिवट जिवाणू तगून राहतात आणि वाढतात. कोलिस्टिन हे माणसासाठी शेवटचं राखून ठेवलेलं औषध. त्यालाही दाद न देण्याची क्षमता जिवाणूंना देणारं, एका जिवाणूतून दुसऱ्यात जाणारं जनुक २०१५ मध्ये चीनमध्ये सापडलं. युरोपीय संघाने वाढीसाठीची प्रतिजैविकं २००६ पासून बंद केली. भारताने जुलै २०१९ मध्ये कुक्कुटपालनात कोलिस्टिनवर बंदी घातली.

मग पर्याय काय? ओव्यातलं थायमॉल जिवाणूंचं आवरण सैल करतं. लसणातलं ॲलिसिनही जिवाणूंना मारक ठरतं. यीस्टच्या पेशीभित्तीतली शर्करा ई. कोलाय आणि साल्मोनेलाला चिकटवून घेते, म्हणजे ते आतड्याला न चिकटता विष्ठेवाटे बाहेर पडतात. ब्युटिरिक आम्ल आतड्याच्या पेशींना ऊर्जा पुरवतं. बॅसिलस आणि लॅक्टोबॅसिलससारखे प्रोबायोटिक जिवाणू रोगजंतूंची जागा अडवतात.

मात्र या पर्यायांचा गुण सगळीकडे सारखा येत नाही. ओव्याच्या तेलाचं प्रमाण पिकागणिक बदलतं, वाफेवर दाबून गोळी खाद्य करताना ते काही अंशी उडून जातं. शिवाय नागपूरचा मे महिना! पारा ४५ अंशांवर गेला की कोंबडी धापा टाकते, खाद्य सोडते, आतड्याचं अस्तर कमकुवत होतं. खाली अंथरलेलं तूस ओलं, पाणी गढूळ आणि शेडमध्ये दाटी असेल, तर कुठलीही पूड उपयोगाची नाही. आजवर ही ढिलाई प्रतिजैविकं झाकून नेत होती.

म्हणून पोल्ट्रीवाल्यांनी 'हर्बल' शब्दावर न भुलता घटक आणि मात्रा विचाराव्यात. शेडचे दोन भाग करून एकातच पूरक द्यावं. मरतूक, वजन आणि किलोमागे लागलेलं खाद्य लिहून ठेवावं. पक्षी खरंच आजारी पडले, तर पशुवैद्यकाच्या सल्ल्याने प्रतिजैविक जरूर द्यावं, पण औषध थांबवल्यावर ठरलेले दिवस उलटल्याशिवाय माल विकू नये.