नाकारलेल्याचा संयम

अनोळखी विद्यार्थ्यांचा एक छोटा गट थोडा वेळ गप्पा मारतो. मग आपल्याला ज्यांच्याबरोबर काम करायला आवडेल, अशा दोघांची नावं प्रत्येकजण चिठ्ठीवर लिहून देतो. काहींना बाजूला घेऊन सांगितलं जातं, ‘सगळ्यांनी तुमचंच नाव दिलंय.’ काहींना सांगतात, ‘तुमचं नाव कोणीच दिलं नाही.’ चिठ्ठ्यांत काय लिहिलंय याच्याशी या निकालाचा काही संबंध नसतो. पुढे प्रत्येकाला एकट्याला बसवून बिस्किटांची चव कशी आहे ते विचारतात. नाकारलेले विद्यार्थी इतरांच्या जवळजवळ दुप्पट बिस्किटं खातात.

मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमाइस्टर, जीन ट्वेंगी आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगमालिकेतला हा एक प्रयोग. मालिकेतल्या इतर प्रयोगांत ‘पुढच्या आयुष्यात तुम्ही एकटे पडाल’ असं खोटंच भाकीत ऐकलेल्यांनी तब्येतीला चांगलं, पण चवीला वाईट असं पेय कमी प्यायलं. कोडी सोडवायचा नादही त्यांनी लवकर सोडला.

असं का होतं? मनोनिग्रह वापरला की संपत जातो, हा याच बाउमाइस्टरांचा १९९८चा गाजलेला सिद्धांत. २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी मिळून तो तपासला, तेव्हा परिणाम जवळपास शून्य निघाला. नाकारलेल्यांच्या बाबतीत तर हे स्पष्टीकरण मुळातच अपुरं पडतं. कारण चांगल्या कामगिरीसाठी पैसे देऊ केले, किंवा नुसता आरसा समोर ठेवला, की त्यांचा संयम परत येत होता. म्हणजे ताकद शाबूत होती. ती वापरायची इच्छा उरली नव्हती. आपण मोह आवरतो, रांगेत थांबतो, राग गिळतो, त्याच्या मोबदल्यात चार माणसं आपल्याला आपलं म्हणतात. मोबदलाच गेला, तर मोह का आवरायचा? बाउमाइस्टरांचा हा अर्थ मला पटतो. हे प्रयोग लहान गटांवरचे आणि अमेरिकी विद्यार्थ्यांवरचे आहेत, एवढं भान मात्र ठेवायला हवं.

ट्वेंगींच्या २००३च्या अभ्यासात याहून अस्वस्थ करणारी गोष्ट दिसली. नाकारलेल्यांना ठरावीक सेकंदांचा काळ लांबलेला वाटला, ते आरशाकडे पाठ करून बसू लागले आणि ‘आयुष्याला अर्थ नाही’ या विधानाला जास्त संख्येने होकार देऊ लागले. तेही प्रयोगातल्या एका खोट्या नकारानंतर! प्रयोग संपल्यावर त्यांना खरं काय ते सांगितलं गेलं. मग अख्ख्या कुटुंबाला गावाने किंवा जातपंचायतीने वर्षानुवर्षं वाळीत टाकलं, तर त्या घरातल्या मुलांच्या मनाचं काय होत असेल? महाराष्ट्राने २०१६च्या कायद्याने सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवला, तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद केली, ते योग्यच झालं.

पण छोटे बहिष्कार आपल्या हातून रोज घडतात. दंगेखोर मुलाला शिस्त लागावी म्हणून ‘याच्याशी कोणी बोलायचं नाही’ असं वर्गात सांगतात, घरीही अबोला धरतात. स्वतःला आवरण्याचं कारणच त्याच्याकडून काढून घेणारी ही शिक्षा आहे. शिक्षकांनी आणि आईवडिलांनी ती बंद करावी.